वेखंडाचा लेप

नाशिकला लागूनच आमचा झेंडूचा मळा होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. दसऱ्याच्या तोंडावर पहाटेच्या दवात फुलं तोडताना माझ्या धाकट्या बहिणीला सर्दी झाली. ती तेव्हा सोळा वर्षांची. घसा बरा झाला, पण कपाळ ठणकत राहिलं, अंगात कणकण राहिली. आमच्याकडे डोकेदुखीला एकच इलाज, सहाणेवर सुंठ-वेखंड उगाळून गरम लेप. आई तो सकाळ-संध्याकाळ लावायची.

आठव्या दिवशी कपाळावर मऊ फुगवटा आला, डावी पापणी सुजली. "लेपानं भाजलं वाटतं," आई म्हणाली, "लय गरम झाला व्हता." तिने लेप धुऊन वर तूप चोळलं. मलाही ते पटलं. मी शाळेत मास्तरीण, पण माझीही अक्कल तेवढीच चालली.

दुपारी आम्ही माळा ओवत बसलो. दसऱ्याला आजाऱ्याचे हातसुद्धा रिकामे राहायचे नाहीत. बघते तर बहिणीच्या दोऱ्याला गाठच नाही. ती एकेक फूल ओवत होती आणि ते दुसऱ्या टोकाने मांडीवर गळत होतं. तरी ती ओवतच होती.

"लक्ष कुठंय तुझं?" मी खेकसले. तिने माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले, पण शब्द सापडेना. मग भडाभडा ओकली. माळा तशाच टाकून आम्ही तिला नाशिकच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी सूज दाबून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे भाजलेलं नाही. सायनसमधला पू हाड पोखरून वर आलाय. आत मेंदूपर्यंतही गेला असणार. ताबडतोब मुंबईला न्या."

कसारा घाट उतरताना टॅक्सीत आई सारखी विचारत होती, "म्या लेप लावला म्हणून का गं?" लेपाने काही केलं नव्हतं, त्याच्यावर विसंबून घालवलेल्या दिवसांनी केलं होतं. मी पुढे वाकून टॅक्सीवाल्याला म्हणाले, "जरा जोरात घ्या." आईचा राग येत होता, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

कवटीला भोक पाडून पू काढला. "जगेल बहुतेक," तिथले सर्जन म्हणाले, "पण पूर्वीसारखी होईल का, ते आत्ता सांगता येणार नाही." तीन दिवस मी तिच्या उशाशी बसून होते. ती जगू दे, एवढंच मागत होते.

चौथ्या दिवशी तिने डोळे उघडले. "आई," म्हणाली. आई रडत हात जोडत राहिली. मग माझ्याकडे बघून बहिणीने तिला हळूच विचारलं, "ह्या बाई कोण?"

"अगं, मी तुझी ताई," मी म्हणाले.

परक्या माणसाचं मन राखावं तशी तिने मान हलवली.