गजभियेसाहेबांचे ताशी पन्नास

आखातात पंधरा वर्षं काढली की सामानापेक्षा किस्सेच जास्त साठतात, आणि त्यांना विमानात वजनाची अट नसते. माझ्याकडचे निम्मे तर एकट्या गजभियेसाहेबांचे!

ओमानमधल्या रुसैलच्या आमच्या पाइप फॅक्टरीत ते क्वालिटी इंजिनिअर, मी स्टोअरमध्ये. साहेब नागपूरचे, म्हणजे समुद्राशी संबंध शून्य. तरी शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्यावर पळायचं, त्या विंडसर्फिंगने त्यांना झपाटलं. कंत्राट संपून घरी जाण्याआधी ताशी पन्नास किलोमीटर गाठायचे, एवढाच हट्ट. त्याला कोणी हौस म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "हौस वेगळी, प्रोसिजर वेगळी."

*

प्रोसिजर म्हणजे फॉर्म. दर शुक्रवारी मी किनाऱ्यावर क्लिपबोर्ड घेऊन उभा. वारा, लाट, वेग, आणि खाली साक्षीदाराची सही. सही नसेल तर फेरी रद्द. एकदा 'पोहता येतं का?' असा रकाना दिसला. त्यात साहेबांनी 'लागू नाही' लिहिलं होतं.

"साहेब, बुडालात तर?"

"लाइफ जॅकेट आहे. त्याची टेस्ट मी स्वतः घेतलीय."

*

अंगावर वजन असलं की जोराच्या वाऱ्यात शीड आवरतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. लगेच अल मवालेहच्या भाजीबाजारातून दहा किलो बटाटे आणून जॅकेटात शिवून घेतले. वेग काही वाढला नाही. संध्याकाळी वहिनी त्याच बटाट्यांचे वडे करायला बसल्या, तर साहेब बाहेरून म्हणतात, "अगं, मीठ घालू नकोस."

*

मग जीपीएस आलं. पहिल्याच दिवशी कमाल वेग एकशे अठरा! मी मिठाई आणायला निघालो, पण साहेबांनी थांबवलं. घरून येताना ते गाडीतच चालू राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःविरुद्ध निष्काळजीपणाचा रिपोर्ट लिहिला, स्वतःच खुलासा दिला, आणि खुलासा समाधानकारक नाही म्हणून परत पाठवला.

*

रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'हवा'. आमचे ओमानी मॅनेजर, म्हणजे सगळ्यांचे 'अर्बाब', भला माणूस. त्यांनी विचारलं, "वापस कब?"

"हवा रुकेगी तब."

"इन्शाल्ला," म्हणत त्यांनी सही केली.

*

ही रजा मसिरा बेटासाठी होती. जुलैत तिथे वारा असा की उघडलेलं दार दोघांनी ढकलून लावावं लागतं. कंत्राट संपायला आठवडा उरला होता. साहेब पाण्यात उतरले आणि इकडे क्लिपबोर्ड उघडून वर्षभराचे फॉर्म उडाले. मी त्या कागदांमागे धावलो. परत आलो तर साहेब किनाऱ्यावर उभे, जीपीएसवर बावन्न.

"पाहिलंस ना?"

नाही म्हणताना मला अगदी रडू फुटायचं बाकी होतं. "करतो ना सही, साहेब."

"न पाहता?" त्यांनी पेन खिशात ठेवलं.

जवळच होडीपाशी एक म्हातारा मच्छीमार उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं. माझ्या हाती लागलेला एकमेव कोरा फॉर्म साहेबांनी त्याच्यापुढे धरला. त्याने अरबीत चार ओळी लिहिल्या, सही केली आणि साहेबांचा हात बराच वेळ धरून ठेवला.

शनिवारी ऑफिसात मॅनेजरनी तो कागद आम्हाला हिंदीतून सांगितला. 'या माणसाला वारा घेऊन गेला. मी स्वतः पाहिलं. त्याला वाचवायला होडी ढकलतच होतो, तेवढ्यात तो परत आला. अल्लाची कृपा.'

साहेबांनी हळूच विचारलं, "अर्बाब, स्पीड का कुछ लिखा है?"

"लिखा है. बहुत तेज जा रहा था बेचारा."

साहेबांनी ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि 'पास' मारला.