वहिनीची साखर विरघळेना

वहिनी आमच्या घरी आली आणि वर्षभरात दादाने तिला कॉलेजात घातलं. प्राथमिक शाळेच्या शिक्षिका तयार करतात ते कॉलेज. मी नववीत शाळा सोडली तेव्हा परत जा असं कुणी म्हणालं नाही. मी लॉन्ड्रीत लागले. आता दादा संध्याकाळी भांडी घासतो, का तर वहिनीचा अभ्यास. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू.

बाकी सगळं तिला जमायचं, रसायनशास्त्रात मात्र गाडी अडली. सर सूत्रं विचारायचे नाहीत. म्हणायचे, पाण्यात साखर टाकली की जाते कुठे, ते सात वर्षांच्या पोराला कळेल असं शिकवून दाखवा. वहिनी ‘रेणू’ ‘रेणू’ करत बसली आणि नापास झाली. पुन्हा नापास झाली की कॉलेज सुटणार होतं.

म्हणून ती रोज माझ्यावर सराव करायची. पेला, साखर, स्वयंपाकघरातला वजनकाटा. ढवळायच्या आधी वजन, नंतर वजन. दोन्ही वेळा तेवढंच.

“कळलं का, वन्सं?”

“नाही.”

कळलं होतं. पहिल्याच दिवशी. पण ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली की मला गार वाटायचं. आठ दिवस मी ‘नाही’ म्हणत राहिले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने वही मिटली. “घरातल्या माणसाला समजावता येत नाही, वर्गाला काय शिकवणार? उद्या मी जात नाही.”

आत्या आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “त्याला डोकं लागतं, बाई. पोळ्या लाटणं वेगळं.”

माझं टाळकं सटकलं. मी वहिनीला काय वाटेल ते बोलेन, दुसऱ्याने बोलायचं काम नाही.

“आत्या, तुम्ही सांगा बरं, साखर जाते कुठे?”

आत्या पदर नीट करायला लागल्या.

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” मी वहिनीला म्हणाले. “मुद्दाम नाही म्हणत होते.”

तिने पेला माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, “मग तू सांग.”

“आमच्या लॉन्ड्रीत कपडे रंगवायची पूड असते. चिमूटभर बादलीत टाकली की पूड दिसत नाही, पण पाणी लाल होतं. म्हणजे ती बारीक होऊन सगळीकडे पसरली. साखरेचंही तेच. तिला रंग नाही, म्हणून दिसत नाही.”

वहिनीने वही उघडून लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती पास होऊन आली. सरांनी विचारलं म्हणे, रंगाचं कुणी सुचवलं? “माझ्या नणंदेने,” असं तिने भर वर्गात सांगितलं. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. आत्यांना मी स्वतः फोन करून कळवलं, दोनदा.

पण वर्गात फळ्यापाशी उभी होती ती. ते अजून खुपतं.