अध्यक्षांच्या अधिकारांना कात्री

बहारीनच्या आमच्या मराठी मंडळाचे किस्से मी काही मुद्दाम गोळा केले नाहीत. अध्यक्ष सभेत कुणाला बोलूच देत नसत, त्यामुळे खरं बोलणं जिन्यात व्हायचं. आणि जिन्यातलं बोलणं कोण विसरतो! सत्तरच्या दशकाची अखेर. मंडळाच्या शाखा तीन: मनामा, सनाबिस, जिदहफ्स. अध्यक्ष मात्र दहा वर्षं एकच, सरपोतदारसाहेब.

*

वसईची फिलोमिना हॉस्पिटलात नर्स होती. शिफ्टमुळे दोन तालमी चुकल्या म्हणून साहेबांनी तिला नाटकातून काढलं. ती मंडळाच्या न्याय समितीकडे गेली. समितीत तिघं: साहेब, साहेबांचे साडू आणि साहेबांच्याच ऑफिसातला ज्युनियर. निकाल पाच मिनिटांत!

फिलोमिना म्हणाली, "तक्रार तुमच्यावर, जज पण तुम्हीच. मग माझी भूमिका पण तुम्हीच करा ना साहेब, लुगडं मी देते!"

*

रत्नागिरीचे हसनभाई मनाम्यात शिपिंग ऑफिसात क्लार्क. त्यांनी मंडळाची घटना वाचायला मागितली.

"घटना कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे," साहेब म्हणाले.

"असू दे. टाइप मीच केली होती. कार्बन कॉपी घरी आहे!"

त्या कॉपीत कलम एकोणीस सापडलं. दोन शाखांनी लेखी मागणी केली तर घटनादुरुस्तीसाठी सभा घ्यावीच लागेल, आणि दोन शाखांनी मंजूर केली की दुरुस्ती लागू. अध्यक्षांना अडवता येणार नाही! आम्ही मागण्या लिहिल्या: अध्यक्ष दोनच वर्षं, न्याय समिती शाखांनी निवडायची, शाखेचा निर्णय अध्यक्षांनी फिरवायचा नाही.

*

जिदहफ्स शाखेची बैठक आमच्या घरी भरली. तेवढ्यात साहेबांचा फोन. फिलोमिनाने उचलला.

"माझ्या परवानगीशिवाय मीटिंग?"

"मीटिंग कुठली साहेब, वडे तळतोय."

"मग मागे ठराव कोण वाचतंय?"

"वड्यांची रेसिपी आहे. एकमताने मंजूर झाली!"

*

हसनभाईंचा मॅनेजर साहेबांचा दोस्त. एकदा सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, साहेबांनी आम्हा दोघांना गाठलं आणि हळूच विचारलं, "हसनभाई, तुमचा व्हिसा रिन्यू व्हायचाय ना?"

हसनभाईंचा चेहरा उतरला. गावी बायको, तीन मुली, सगळं घर त्यांच्यावर. त्यांनी मागणीपत्र खिशातून काढलं, दुकानाच्या भिंतीला टेकवलं आणि साहेबांसमोर सही ठोकली.

"व्हिसा गेला तर मी रत्नागिरीला जाईन. सही इथंच राहील. खलास!"

*

शेवटी दोन शाखांच्या मागण्या गेल्या आणि सभा झाली. साहेबांनी जाहीर केलं, "ही दुरुस्ती बेकायदेशीर आहे. न्याय समितीने आज सकाळीच निकाल दिलाय."

"कलम एकोणीस!" अख्खा हॉल ओरडला.

मतदान घ्यावंच लागलं. मनामा विरोधात, जिदहफ्स बाजूने. सनाबिसची मतं समसमान!

साहेब राहायला सनाबिसलाच. मागच्या रांगेत त्यांच्या पत्नी सुमनवहिनी बसल्या होत्या. त्यांचा आवाज मंडळात कुणी कधी ऐकला नव्हता, आणि अजून त्यांनी कुठल्याच बाजूने हात वर केला नव्हता.

"सनाबिसमधून दुरुस्तीच्या बाजूने आणखी कुणी?" हसनभाईंनी विचारलं.

वहिनींनी हात वर केला.

"सुमन, हात खाली!" साहेब कडाडले.

वहिनींनी दुसराही वर केला.