आर्नीची उंचावलेली जीप

आर्नी हेइक्किनेनची उंची किती, असं विचारलं की तो जीपची उंची सांगतो. मिशिगनच्या उत्तर टोकाच्या आमच्या गावात त्याच्याइतका बुटका माणूस नाही, आणि त्याच्याइतका चिकट तर नाहीच. एकाच भुकटीतून तीनदा कॉफी काढतो. तिसऱ्यांदा पाहुण्यांसाठी!

हिवाळाभर तो आइस हॉकीच्या मैदानावर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतो, आणि वर्षभर बेकरीवाल्या डोरीन साल्मीकडे बघत उसासे टाकतो. यंदा एप्रिलात बर्फ वितळून जंगलातल्या रस्त्यांचा राडा झाला, तेव्हा ती एकदाची म्हणाली, "येईन तुझ्या केबिनवर सौनाची वाफ घ्यायला. पण माझ्या बुटाला चिखल लागला, की तिथूनच माघारी. परत विचारायचं नाही."

आर्नी धावत रेनोच्या गॅरेजात. "जीप उंच करायचीय. स्वस्तात."

"भंगारातल्या जड गाडीच्या स्प्रिंगा बसव," रेनो म्हणाला. "नाहीतर स्प्रिंगच्या पाट्यांत एक जादा पाटा घालू."

"याहून स्वस्त?"

"जीपखाली उकिडवा बस आणि डोक्यावर घे."

आर्नीला मात्र फुकटचा मार्ग दिसला. मैदानाच्या कडेला हरवलेल्या हॉकीच्या रबरी चकत्या तो वर्षानुवर्षं गोळा करत आला होता. त्या त्याने चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, आणि बॉडीच्या मधे ठोकून बसवल्या. जीप ऐटीत वर आली.

"अरे बाबा, नुसती टोपी उंच केलीस," रेनो हसला. "चाकं जोडणारा अ‍ॅक्सल होता तिथेच आहे. अडकणार तोच."

"गिऱ्हाईक गेलं म्हणून जळतोस!"

शनिवारी जीप बेकरीसमोर उभी राहिली. डोरीनने मान वर करून पाहिलं. "चढायचं कुठून? शिडी आणलीस?"

आर्नीने दुधाचं क्रेट उलटं ठेवलं. ती चढली. मग तो स्वतः दाराला लोंबकळत चढला, आणि सगळ्या गावाला दिसावं म्हणून मोठ्या रस्त्यावरून दोन फेऱ्या उगीच मारल्या.

जंगलात शिरल्यावर मात्र चाकं खोल चाकोऱ्यांत उतरली, आणि अ‍ॅक्सलचा मधला गोळा मधल्या उंचवट्यावर जाऊन बसला. चाकं नुसती गरगरली. केबिन समोर दिसत होती.

"थांबलास का?"

"जंगल दाखवतोय."

"बरं," म्हणत डोरीनने पिशवीतून मांस-बटाटा भरलेली पेस्टी काढली आणि एकटीच खाऊ लागली. त्याला विचारलंसुद्धा नाही. शेवटचा घास संपवून, कागदाची नीट घडी करून ती म्हणाली, "मग? माघारी?"

आर्नी खाली उतरला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. दाराकडे पाठ करून उभा राहिला. "बस."

"तुझ्या पाठीवर? माझे पाय जमिनीला टेकतील!"

"आखडून घे."

ती बसली. आर्नी धापा टाकत निघाला. मालकीणबाई वरून हुकूम सोडत होत्या, "डावीकडे घे. तिथे खोल आहे. अरे, हलवू नकोस इतका!" दोनदा तो गुडघ्यावर आला, पण तिला टेकू दिलं नाही.

केबिनच्या पायरीवर उतरून डोरीनने आपले बूट उलटसुलट करून तपासले. कोरडे होते. मग कमरेपर्यंत काळ्या झालेल्या आर्नीकडे पाहिलं.

"शब्द म्हणजे शब्द. सौना पेटव. आणि आधी तू धुऊन घे."

पुढच्या शनिवारी तिने पाव बांधता बांधता विचारलं, "जीप काढलीस का रे चिखलातून?"

"नाही अजून. रेनो येतो म्हणालाय."

"त्याला म्हणावं, घाई नाही."