पुरी दोन मिनिटं

लातूरपासून नांदेडपर्यंतच्या सगळ्या शोकसभांना धास्ती वाटावी असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो पुढारी नव्हता, ढोलकवाला होता. आम्ही त्यांना मामू म्हणायचो. लातुरात आमचा गाण्यांचा स्टुडिओ होता. यंत्रं नवरा बघायचा, आणि मी स्टॉपवॉच घेऊन वेळ बघायची. शिवभजनं, कव्वाल्या, भीमगीतं, लग्नाची गाणी, आमच्याकडून जेवढ्या कॅसेटी निघाल्या त्यांतल्या बहुतेकांत वाजतो तो ढोलक मामूंचा. कव्हरवर नाव आणि फोटो गायकाचा. मामूंना त्याचं काही नसे. त्यांचं भांडण असे ते फक्त वेळेवरून, आणि तेही सेकंदांत.

निलंग्याहून एसटीनं ते ढोलक मांडीवर घेऊन यायचे आणि गायक दिसला की नमस्काराआधी विचारायचे, "सकाळी काय खाल्लं?" पिठलं-भाकरी खाऊन आलेला गायक मागं रेंगाळतो आणि नुसत्या चहावर आलेला पुढं पळतो, असा त्यांचा सिद्धांत होता. मी तो बरेच दिवस तपासून पाहिला. दहात आठदा तरी खरा निघायचा. अपवाद उदगीरचे अप्पा. आमचे हे भजनगायक उपाशीपोटीही रेंगाळत. मामू त्यांना तोंडावर सांगत, "अप्पा, तुम्ही या समेवर सावकाश. मी तवर निलंग्याला जाऊन येतो." अप्पा रुसायचे, दुपारी मामूंच्याच डब्यातलं खायचे आणि संध्याकाळी तेवढंच रेंगाळायचे.

मग भूकंप झाला. ज्या गावांत मामूंनी लग्नांतून, उरुसांतून वाजवलं होतं त्यांतली कितीतरी घरं एका पहाटेत गेली. पुढं काही महिने शाळा, कचेऱ्या, बाजार समित्या, जिथं जावं तिथं शोकसभा, आणि शेवटी दोन मिनिटं उभं राहणं. अशाच एका शाळेतल्या सभेत अध्यक्ष चांगले अर्धा तास बोलले, मग सगळे उभे राहिलो, आणि जरा वेळानं ते "ओम शांती" म्हणून खाली बसले. मागून आवाज आला, "साहेब, चव्वेचाळीसच झाले. शहात्तर बाकी हैत."

मामूच होते. अध्यक्ष लालबुंद झाले, पण उठले. त्यांच्यामागं सगळी सभा खुर्च्या वाजवत उठली आणि राहिलेले शहात्तर सेकंद उभी राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामू, असं भर सभेत बोलतात का?"

"भाभी, गाण्यात मी एक मात्रा खाल्ली तर तुम्ही पुन्हा वाजवायला लावता. अन् इथं अर्ध्याच्या वर खाल्लं. मेलेला माणूस तक्रार करून राहिला नाही म्हणून?"

पुढच्या शोकसभेला जाताना मी स्टॉपवॉच पर्समध्ये टाकलं.

तेव्हापासून ते त्यांचं कामच होऊन बसलं. घड्याळ ते वापरत नसत. अंगठा चार बोटांच्या बारा पेरांवरून फिरवायचा, एका पेराला एक सेकंद, अशा दहा फेऱ्या. स्टॉपवॉच लावून मी पुष्कळदा पाहिलं; चुकले तर एखाद्या सेकंदानं. संयोजक आधीच दबक्या आवाजात विचारू लागले, "मामू आलेत का?" आले असतील तर वक्ते भाषण आवरतं घेत आणि मौनाच्या वेळी डोळे मिटायच्या ऐवजी मामूंच्या अंगठ्याकडे बघत राहत. बरं, जास्तीचंही त्यांना चालत नसे. नांदेडला एका सभेत सूत्रसंचालक गहिवरले आणि मौन संपवायचंच विसरले. दोन मिनिटं होताच भरल्या सभेत मामू एकटे खाली बसले. शेजारच्यानं डोळे वटारले तर म्हणाले, "झाले ना. आता कोणासाठी उभं राहून राहिलात?"

पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले. भजनांच्या कॅसेटी मागं पडल्या आणि आमच्याकडे रिक्षाच्या भोंग्यावर वाजवायच्या क्लासच्या जाहिराती येऊ लागल्या. एका क्लासचे सर स्वतः समोर बसून सांगत होते, "अजून फास्ट. अजून." मामूंनी ढोलक बाजूला ठेवला. "सर, पोरं आधीच पळून राहिली. ढोलक तरी चालू द्या." सर चिडतील म्हणून मी चहा मागवला, पण ते हसले. जाहिरात मामूंच्याच लयीत निघाली आणि ती इतकी वर्षं वाजली की आमच्या भाजीवाल्याला पाठ होती.

गेल्या उन्हाळ्यात मामू गेले. सरांनी आपणहून क्लासचा हॉल शोकसभेसाठी दिला, पण दोन बॅचच्या मधल्या तासापुरता, पाच ते सहा. आदल्या दिवशी मी निलंग्याला मामींना भेटून आले. निघताना त्यांनी माझा हात धरला. "भाभी, हार नको, शाल नको. ते दोन मिनिटं तेवढे पुरे द्या. जिंदगीभर दुसऱ्यांसाठी भांडले ते." मी शब्द दिला.

शब्द देणं सोपं होतं. सभेत पंधरा कलावंत होते आणि माईक एक. नांदेडचा कीबोर्डवाला बोलला. मामूंनी एकदा मध्येच वाजवणं थांबवून "टेप हळू चालून राहिली" म्हटलं, सगळे हसले, आणि बघतात तो व्होल्टेज खरंच उतरलेलं. ही गोष्ट त्यानं इतकी छान सांगितली की पुढच्या चौघांनीही तीच सांगितली. मग अप्पा उठले. पावणेसहाला ते स्वतःच्या बालपणापासून निघाले आणि सहाला पाच कमी असताना त्यांची मामूंशी जेमतेम ओळख झाली होती. पहिल्या रांगेत बसलेल्या मामी माझ्याकडे बघत होत्या. तेवढ्यात सर वाकून माझ्या कानात म्हणाले, "मॅडम, दोनशे पोरं जिन्यात उभी हैत. एक मिनिट उभं राहू अन् संपवू."

"एक नाही सर. दोन."

मी उठले आणि सरळ अप्पांची बाही ओढली. "अप्पा, बसा."

"अगं, मी आत्ता कुठं मुद्द्यावर येतोय!"

"तो मला घरी येऊन ऐकवा. तुम्ही मामूंच्या वेळात बोलून राहिलात."

अप्पांनी माईक माझ्या हातात दिला. माझं स्वतःचं भाषण पर्समध्ये होतं. ते तिथंच राहिलं. मी सगळ्यांना उभं केलं आणि स्टॉपवॉच दाबलं.

पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी चुळबुळ करतंय. मग नीट पाहिलं तर पंधराच्या पंधरा कलावंतांचे अंगठे पेरांवरून फिरत होते. माझ्या घड्याळावर एकाचाही विश्वास नव्हता. आणि पंधरा जणांच्या पंधरा लयी. कीबोर्डवाल्याचा अंगठा सगळ्यात आधी थांबला. तो बसला नाही, नुसता शेजाऱ्याकडे बघू लागला. मग बासरीवाल्याचा, मग बाकीच्यांचे. माझी दोन मिनिटं भरली आणि मी तोंड उघडलं, तर अप्पा डोळे मिटून अजून शेवटच्या फेरीत होते. चौदा जण खाली मान घालून त्यांच्यासाठी थांबले होते. मामींनी अप्पांच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, थांबा म्हणून. मी थांबले.

एकोणीस सेकंदांनी अप्पांनी डोळे उघडले. मग सगळे बसले.

बाहेर पडताना दाराशी सर उभे होते. "मॅडम, किती झाला वेळ?"

मी स्टॉपवॉच शून्यावर आणलं आणि म्हटलं, "दोन मिनिटं. मोजून."