मुलींचे नंबर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही वंदनाकाकूंना ओळखत नाही. बघा, इथेही मी सोयच पाहिली.

वंदनाकाकू चिखलीत आमच्या शेजारी राहायच्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत. समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचं निम्मं काम त्या एकट्या ओढायच्या. मेळाव्याची वेबसाइट करायचं ठरलं, तेव्हा समितीला पुण्याचं कोणीतरी हवं होतं. पण काकूंनी माझं नाव रेटलं. मी नुकताच कॉम्प्युटरचं शिकून आलो होतो, हाताला काम नव्हतं. त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्या हातची भाकर-ठेचा खाऊन मी ती साइट लिहिली. ते दिवस आठवले की अजून भरून येतं.

आमच्याकडे परिचय पुस्तिकेत मुलीचा स्वतःचा नंबर छापत नाहीत. वडिलांचा नाहीतर मामाचा छापतात. मुलीचा नंबर फक्त काकूंच्या वहीत — कारण तुला खरंच लग्न करायचंय का, हे त्या तिला एकटीला फोन करून विचारायच्या. साइटच्या फॉर्ममध्येही तो भरायचा होता आणि काकूंनाच दिसणार होता. निदान मी समितीला तसं सांगितलं होतं.

आणि मी काय केलं? बाहेरून आलेला मजकूर प्रोग्रामने नुसता वाचायचा असतो, तपासायचा असतो. मी तो चालवत होतो. म्हणजे कोणी चिठ्ठी पाठवली, तर ती वाचण्याऐवजी तिच्यात लिहिलंय ते सरळ करूनच टाकायचं! मला शिकवलं नव्हतं का? चांगलं बजावून शिकवलं होतं. पण एका ओळीत काम भागत होतं, मला तेच वेगवान वाटलं — आणि चिखलीत कोण येतंय त्रास द्यायला? पुढे मोजून पाहिलं, तर सुरक्षित पद्धतच जास्त वेगवान निघाली. म्हणजे तेही कारण उरलं नाही.

मेळावा तोंडावर आला आणि मुलींना अनोळखी पुरुषांचे फोन सुरू झाले. घाणेरडे फोन. एकीने तर नावच मागे घेतलं. समितीची बैठक बसली. त्या सकाळीच मी सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या होत्या. एका स्थळाने 'अपेक्षा'च्या रकान्यात सुशिक्षित, मनमिळाऊ वगैरे काही लिहिलंच नव्हतं. तिथे प्रोग्रामला दिलेल्या आज्ञा होत्या — आणि माझ्या साइटने मुकाट्याने सगळे नंबर काढून दिले होते.

अध्यक्षांनी मला विचारलं, "कॉम्प्युटरमधून जाऊ शकतात का नंबर?"

मी "नाही" म्हणालो.

एवढंच. मग सगळ्यांच्या नजरा काकूंकडे वळल्या. "माह्या वहीतून नाही गेले," त्या म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. त्यांना मेळाव्याच्या कामातून काढलं. मी घरी येऊन ती ओळ बदलली. दहा मिनिटं लागली.

त्या दिवशी बाहेर पडताना काकू मला काय म्हणाल्या, ठाऊक आहे? "तू काऊन तोंड पाडून बसला रे? तुह्या कामाले कोणी नाव नाही ठेवलं."

त्याच साइटच्या जोरावर मला नोकरी लागली. देऊळगाव राजाचं स्थळही काकूंनीच आणलं. माझी बायको, माझं घर — जे जे चांगलं आहे, ते त्यांच्या ओट्यावरून आलंय. मी त्यांचा ऋणी आहे, रोज आहे, आणि हे अगदी मनापासून सांगतो.

पण ती बाई मुलींचे नंबर वाटते, हे बायकोच्या माहेरीही पोचलं होतं. तिने काकूंना स्वतःचा नंबर आजही दिलेला नाही. काकू आता धाड गावी मुलाकडे असतात. सणाला न चुकता फोन करतात, माझ्या फोनवर. "दे बरं सूनबाईजवळ," म्हणतात.

मी फोन बायकोच्या हातात देतो.