विहिणीचं गाणं

काल भाचीच्या हळदीत कच्च्या हळदीचा वास आला आणि दिंडोरीच्या शाळेतला आमचा नववीचा वर्ग आठवला. शहरातून आलेल्या नव्या बाई गाण्यांवरून इंग्रजी शिकवायच्या. त्या दिवशी घरचं एक गाणं म्हणून त्याचा अर्थ इंग्रजीत सांगायचा होता.

ताईचं लग्न नुकतंच झालेलं, माझ्या हातांना अजून हळदीचा वास होता. मी विहिणीला चिडवायचं गाणं खणखणीत म्हटलं, मुलींनी बाकांवर ताल धरला. मग मी अर्थ सांगत गेले आणि बाई फळ्यावर लिहीत गेल्या. ताईची सासू हावरी आहे. ती पदरात लाडू चोरते.

ताल थांबला. फळ्यावर नुसती शिवीगाळ दिसत होती.

"एवढा राग का त्यांचा?" बाईंनी इंग्रजीतच, मायेनं विचारलं. राग कसला, लग्नात विहिणीला असंच चिडवतात, तीही हसून उलट गाणं म्हणते. हे मराठीत सांगता आलं असतं. पण त्या तासाला गाणं सोडून मराठी बंद होती. तापलेल्या कानांनी मी खाली बसले.

काल ताईच्या म्हाताऱ्या सासूनं माझा हात धरला. "मला लाडूचोर म्हनली होतीस ना? म्हन की ते गानं, लय दिवस झाले."

"विसरले," मी म्हटलं.

ते गाणं मला अजून पाठ आहे. इंग्रजीतसुद्धा.